येणे, तगादा आणि मुदत

श्रोतेहो, 'उधारीचे पोते, सव्वा हात रिते' ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. उधार घेणाऱ्याच्या पदरात माल कमीच पडतो, असा तिचा सरळ अर्थ. पण पोते रिते का राहते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. विकणाऱ्याला ठाऊक असते की पैसे लवकर हाती येणार नाहीत, कदाचित मुळीच येणार नाहीत. म्हणून तो आपली भीती मापातच वसूल करून घेतो. म्हणजे येणे वेळेवर वसूल होत नाही तेव्हा विकणारा तर बुडतोच, पण प्रामाणिक गिऱ्हाइकालाही त्याचा दंड बसतो.

आज आपण याच प्रश्नाचा थोडा इतिहास पाहू. माल दिला, काम केले, बिल पाठवले आणि पैसे आले नाहीत, तर माणसाने करावे काय? समजा, गावच्या सुताराने फळांच्या एका मोठ्या व्यापाऱ्याला दोनशे लाकडी खोकी करून दिली. खोकी गेली, त्यांतून फळे गेली, फळांचे पैसेही व्यापाऱ्याला मिळाले. सुतार गेला की मात्र उत्तर एकच: "पुढल्या बाजारी या." हा सुतार दोनशे वर्षांपूर्वीचा असू शकतो, आणि आजचाही. फरक आहे तो त्याच्या हाती असलेल्या साधनांचा.

आधी गावातलीच गोष्ट घेऊ. जुन्या गावगाड्यात सुतार, लोहार, चांभार, कुंभार ही मंडळी वर्षभर काम करीत आणि मोबदला सुगीला घेत. एका अर्थाने हा सगळा वर्षाचा उधारीचा व्यवहार. मग बलुतेदार वसुलीला जाई कुठे? कुणब्याच्या घरी नव्हे, तर खळ्यावर. रास पडलेली असे, धान्य सर्वांच्या डोळ्यांसमोर असे, आणि चार माणसे हजर असत. "आमच्याकडे काही नाही" असे म्हणायला तिथे जागाच नसे. वसुलीचे पहिले सूत्र आपल्या पूर्वजांनी इथेच शिकून घेतले होते. देणेकऱ्याच्या हाती माल किंवा पैसा आलेला असतो, त्या वेळी आपण तिथे असले पाहिजे. रास घरात गेली की बलुते मागणाऱ्याचा आवाज बारीक होतो.

पण खळ्याची ही रीत गावाच्या शिवेपर्यंतच चाले. देणेकरी परगावचा असला, किंवा आपल्याहून फार मोठा असला, तर? इथे आपल्या इतिहासातली एक बोलकी हकीकत सांगतो.

पहिल्या बाजीरावांनी मोठमोठ्या मोहिमा केल्या. मोहिमेला घोडा लागतो, दाणागोटा लागतो, शिपायाला पगार लागतो. हा पैसा सावकारांकडून उभा केलेला असे. या सावकारांपैकी एक म्हणजे बारामतीचे बाबूजी नाईक जोशी. ते काही परके नव्हते. बाजीरावांची बहीण भिऊबाई बाबूजींचे बंधू आबाजी नाईक यांना दिली होती. १७४० साली बाजीराव वारले. रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने बाबूजी नाईकांनी पेशवाईची वस्त्रे स्वतःला मिळावीत अशी खटपट केली, पण शाहू महाराजांनी ती बाजीरावांचे पुत्र बाळाजी, म्हणजे नानासाहेब, यांना दिली. मग बाबूजींनी आपल्या येण्याचा विषय काढला. नुसता काढला नाही, तर तगादा लावला आणि धरणे धरले. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही हकीकत नोंदवली आहे. पेशवे या तगाद्याने अगदी जेरीला आले. शेवटी त्यांचे दिवाण महादाजीपंत पुरंदरे यांनी आपले वजन आणि आपली पत खर्ची घालून त्यांना यातून सोडवले.

आता पहा, ज्याच्या हुकमावर फौजा हलत, त्या पेशव्याच्या दाराशी घेणेकरी बसतो, आणि पेशवा त्याला शिपायांकरवी हाकलून देत नाही. का बरे? कारण खऱ्या येण्यासाठी दाराशी बसलेल्या माणसाला हात लावणे अब्रूला धरून नाही, अशी समाजाची समजूत होती. त्या काळी घेणेकऱ्याच्या हाती हुकूमनामा नव्हता. त्याच्या बाजूने होती ती लोकलज्जा.

या रिवाजाचे सविस्तर वर्णन माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने केले आहे. पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कारभार त्याच्याकडे आला, आणि १८१९ साली त्याने आपला प्रसिद्ध अहवाल लिहिला. त्यात तगाद्याच्या पायऱ्याच सांगितल्या आहेत. देणेकरी बरोबरीचा किंवा खालचा असला, तर घेणेकरी त्याच्यावर पहारा बसवी, त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, उन्हात बसवून ठेवी. देणेकरी वरचढ असला, तर आधी विनवण्या होत. मग घेणेकरी त्याच्या उंबऱ्यावर आडवा पडे, त्याच्या वाटेत लोळण घेई, दारासमोर ओरडा करी. तेवढ्याने भागले नाही तर दाराशी उपाशी बसे. आणि तो उपाशी असेतो आतल्या यजमानालाही जेवता येत नसे. सत्ताधाऱ्याकडून न्याय मिळवायचा असला, तर भर दिवसा त्याच्यासमोर मशाल धरीत. "तुमच्या राज्यात दिवसाही अंधार आहे," असेच जणू ती मशाल सांगे!

एल्फिन्स्टनने एक मार्मिक गोष्टही टिपली आहे. तगादा खोटा असला, तर त्रासलेला देणेकरी स्वतःच म्हणे, "बसवा एकदाची पंचायत." म्हणजे एरवी सरकारी अधिकाऱ्याच्या आळसामुळे जे घडले नसते, ते या त्रासामुळे घडून येई. तगाद्याचा खरा उपयोग हाच होता. टाळाटाळ करणाऱ्याला तो निवाड्याच्या दाराशी आणून उभा करी.

तथापि या रिवाजाला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. ज्याच्यापाशी पहारेकरी ठेवण्याची ऐपत, त्याचा तगादा जबर. गरीब देणेकऱ्याला उन्हात तिष्ठावे लागे, आणि गरीब घेणेकऱ्याला उपाशी बसण्यावाचून मार्ग नसे. लाज असलेल्या माणसावरच हा उपाय चाले. निलाजऱ्यापुढे तो व्यर्थ होता. शिवाय देवाच्या कोपाची भीती घालून पैसे काढण्याचाही प्रकार त्यात होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेने तो गुन्हा ठरवला, आणि त्या कलमाखाली उदाहरण दिले तेही दाराशी धरणे धरून बसणाऱ्या माणसाचेच.

व्यापारी मंडळी आपसांत मात्र निराळ्या मार्गाने जात. त्यांचा मार्ग कागदाचा, म्हणजे हुंडीचा. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे द्यायचे. मुदती हुंडीचे ठरल्या दिवशी. शहाजोग हुंडीचे पैसे पेठेत पत असलेल्या शहालाच द्यायचे, म्हणजे भलत्याच्या हाती ती पडली तरी पैसे बुडू नयेत. हुंडी हरवली तर तिची पैठ लिहून देत, पैठ हरवली तर परपैठ. हुंडी न सकारणाऱ्या पेढीची वार्ता पेठेत पसरे आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा कागद कोणी घेईनासा होई. बरोबरीच्या माणसांत ही शिक्षा कोर्टाच्या हुकमाहून कडक होती.

'बरोबरीच्या माणसांत' हे शब्द ध्यानात ठेवा. कारण आपल्या सुतारापाशी हुंडी नाही, पेढी नाही, आणि त्याने "अमका व्यापारी पैसे बुडवतो" अशी हाकाटी केली, तरी पेठेत त्याचे ऐकणार कोण?

इंग्रजी अमलात पंचायत मागे पडली आणि कोर्टकचेरी आली. १८५९ साली दिवाणी कामकाजाचा कायदा झाला, आणि त्याच साली मुदतीचाही कायदा झाला. नोंदणी न केलेल्या साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरली. तीन वर्षांत दावा केला नाही, तर येणे खरे असूनही कोर्ट ते ऐकणार नाही. हेतू चांगला होता: जुने, पुराव्याविना उरलेले दावे संपावेत, आणि देणेकऱ्याच्या मानेवर जन्मभर तलवार लटकू नये.

घडले मात्र उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार शेतकऱ्याला म्हणे, "नवा रोखा करून दे, नाहीतर दावा लावतो." नव्या रोख्यात जुने मुद्दल, त्यावरचे व्याज, सगळे मिळून नवे मुद्दल होई. लिहिता-वाचता न येणारा कुणबी अंगठा देई. पुढे कोर्टात हा कागद येई, आणि कोर्ट कागद पाहून हुकूमनामा देई. कागदामागची हकीकत पाहत नसे. त्यातच कापसाचे भाव उतरले आणि सरकारने जमिनीचा सारा वाढवला.

या सगळ्याचा स्फोट १२ मे १८७५ रोजी सुप्याला झाला. भीमथडी तालुक्यातले सुपे हे बाजाराचे गाव, आणि तो दिवस बाजाराचा. जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला, आणि हुडकून हुडकून काय काढले? रोखे आणि वह्या. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या इतर गावांतही हे लोण पसरले. माणसे मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर सगळा भर होता. लोकांचा राग कशावर होता, ते यावरून उघड होते.

सरकारने आयोग नेमला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. कोर्टाने रोख्यामागे जाऊन देवघेवीचा सारा इतिहास तपासावा, शेतकऱ्याला कर्जापायी अटक होऊ नये, दाव्याची मुदत वाढवावी, असे त्यात होते. आणखी एक लहानशी दिसणारी तरतूद होती: पैसे भरणाऱ्याला लेखी पावती मिळाली पाहिजे, आणि दरवर्षी हिशेबाचा उतारा मागण्याचा त्याला हक्क आहे. शिक्षकबंधूंनी ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. सुप्याच्या आगीनंतर कायद्याने जे मोठे औषध काढले, त्यातला एक घटक साधी पावती हा होता.

इथवर शेतकरी आपल्याला देणेकरी म्हणून दिसला. पण तो घेणेकरीही असतो, हे आपण विसरतो. त्याने कापूस, तूर, गूळ विकला की व्यापारी त्याचा देणेकरी झाला. जुन्या बाजारांत काय चाले? रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे. ज्याचा माल, त्यालाच तो कळत नसे. मग हिशेबपट्टीत हमाली, तोलाई, अडत, धर्मादाय कापून जे उरे, तेही लगेच हाती पडेलच असे नाही. गावी परतण्याची घाई शेतकऱ्याला असे, व्यापाऱ्याला नसे.

यावर पहिले पाऊल वऱ्हाडात पडले. कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी तिथे १८९७ साली कायदा झाला. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजारांचा आणि १९३९ साली शेतमालाच्या सर्व बाजारांचा कायदा आला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ चा शेती उत्पन्न खरेदी-विक्रीचा कायदा झाला, आणि त्याखाली मालाची किंमत विक्रीच्या दिवशीच विकणाऱ्याला मिळावी असा दंडक घालण्यात आला. पाहिलेत? बलुतेदार खळ्यावर जाऊन जे साधत असे, तेच कायद्याने बाजाराच्या आवारात साधायचे ठरवले. माल डोळ्यांसमोर आहे तोवरच पैसे.

उसाचेही तसेच. ऊस तोडून गाडीत घातला की तो परत आणता येत नाही, आणि दुसऱ्या कारखान्याला विकताही येत नाही. म्हणून १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने कारखान्याला चौदा दिवसांची मुदत घातली. त्यानंतर शेकडा पंधरा दराने व्याज. थकबाकी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करण्याची सोयही पुढे झाली. ज्या महसुली वसुलीला शेतकरी पिढ्यान् पिढ्या भीत आला, तीच त्याच्या येण्यासाठी कामाला आली!

आता राहिला आपला सुतार, आणि त्याच्यासारखे लोहार, शिंपी, छापखानेवाले, सुटे भाग करणारे लहान कारखानदार. यांचे गिऱ्हाईक मोठे, आणि मोठे गिऱ्हाईक लहानाच्या पैशावर आपला धंदा फुकट चालवते. १९९३ साली लहान उद्योगांच्या उशिरा मिळणाऱ्या पैशांवर व्याज देणारा कायदा झाला. त्याची जागा २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याने घेतली. त्याचे सूत्र समजायला सोपे आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली आणि लेखी करार नसला, तर पंधरा दिवसांत पैसे द्यायचे. करार असला तरी पंचेचाळीस दिवसांहून जास्त मुदत घेता येत नाही. मुदत टळली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. तंटा झाला तर राज्याच्या सुकर परिषदेकडे जायचे. आणि परिषदेचा निवाडा खरेदीदाराला मोडून घ्यायचा असेल, तर आधी पंचाहत्तर टक्के रक्कम कोर्टात भरावी लागते. २०१७ पासून अशी तक्रार संगणकावरूनही करता येऊ लागली. मात्र यासाठी उद्योगाची नोंदणी हवी, आणि ती माल देण्याच्या आधीच केलेली बरी.

पैशांऐवजी चेक मिळाला आणि तो वटला नाही, तर १९८९ पासून तो फौजदारी गुन्हा आहे. तिथेही दिवस मोजावे लागतात. बँकेचा कागद आल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात फिर्याद करायची.

श्रोतेहो, कायदे इतके झाले, तरी येणी तुंबतातच. का? याचे एक कारण कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. ते सुताराच्या मनात आहे. "दावा लावला तर पुढचे काम मिळणार नाही." ही भीती खोटी नाही, आणि तिची थट्टा करण्यात अर्थ नाही. पण तिचा हिशेब मात्र मांडावा. जे गिऱ्हाईक मागच्या दोनशे खोक्यांचे पैसे देत नाही, त्याला पुढची दोनशे देणे म्हणजे काम मिळवणे की आणखी लाकूड गमावणे?

शिवाय दावा ही शेवटची पायरी आहे. आपल्या पूर्वजांच्या तगाद्यालाही पायऱ्या होत्या, आणि पहिली पायरी विनवणीची होती. आजच्या पायऱ्या अशा म्हणता येतील. माल देण्यापूर्वी भाव आणि पैसे देण्याची तारीख लिहून घ्या. माल पोचला की तो मिळाल्याची सही घ्या. बिलावर तारीख घाला आणि त्याची नक्कल ठेवा. तारीख टळली की आठवडाभरात सौम्य शब्दांत पत्र धाडा. मग स्वतः जा. आणि व्यापाऱ्याच्या हाती पैसा येतो, त्या हंगामात जा. काही रक्कम मिळाली तर ती वहीत जमा करून बाकीच्या रकमेवर त्याची सही घ्या. नुसत्या तोंडी वायद्यावर परत फिरू नका.

त्या सहीचे महत्त्व मोठे आहे. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा तीन वर्षांत करावा लागतो. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने बाकी कबूल करून सही केली, तर तीन वर्षे पुन्हा नव्याने मोजली जातात. सही नसेल, तर "देतो, देतो" म्हणत तीन वर्षे काढणाऱ्या माणसाला काहीच न देता सुटण्याची वाट आपणच मोकळी करून देतो. ज्या तीन वर्षांच्या धाकाने १८७५ चा कुणबी नाडला गेला, तीच तीन वर्षे आज गाफील सुताराला नाडतात. कायदा जागणाऱ्याच्या बाजूने असतो, मग तो जागणारा सावकार असो वा सुतार.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. गणिताच्या तासाला आपण मुलांकडून नफा-तोट्याची आणि व्याजाची उदाहरणे सोडवून घेता. त्यांच्या जोडीला एक दिवस मुलांना बिल लिहायला लावा, पावती लिहायला लावा, आणि थकलेल्या पैशांचे सभ्य मागणीपत्र लिहायला लावा. यांतली कितीतरी मुले उद्या ऊस विकतील, दूध घालतील, खोकी बनवतील. आपले येणे मागताना त्यांची मान खाली जाऊ नये.

येणे मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे, आणि भांडणही नव्हे. बारामतीच्या नाईकांना जे मागायला लाज वाटली नाही, ते मागताना खोकी करणाऱ्या सुताराने का लाजावे? नाईक खुद्द पेशव्याच्या दाराशी बसले होते. आपल्या सुताराला कुणाच्या दाराशी बसायचे नाही. त्याला फक्त बिलावर तारीख घालायची आहे, आणि ती तारीख विसरायची नाही.